कडुनिंबावरचा पिंगळा आणि शंभर पानी वही

आरोग्याच्या पानावर या वेळी पक्षी कशाला, असं तुम्ही विचाराल. म्हणून आधी एका रात्रपाळीची गोष्ट सांगते.

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नुकतीच नोकरीला लागले होते. पुरुषांच्या वॉर्डात पन्नाशीचे एक शेतमजूर निमोनियाने अ‍ॅडमिट होते. तिसरा दिवस होता. ताप उतरत आला होता, ऑक्सिजन दुपारीच काढला होता. रात्री दीडच्या सुमाराला खिडकीबाहेरच्या कडुनिंबावरून चिरक्या आवाजात किचकिच सुरू झाली. थोडं थांबून, दुसऱ्या कुणी उत्तर द्यावं तशी पुन्हा तीच किचकिच. पेशंटची बायको खाली सतरंजीवर झोपली होती, ती ताडकन उठून बसली. "सिस्टर, घुबड बोलायलंय. दुसऱ्यांदा बोलायलंय. आम्हाला आमचा माणूस घरी न्यायचाय."

मी समजावलं. इंजेक्शनचा कोर्स अर्धा राहिलाय, छातीत अजून कफ आहे, एवढ्या रात्री गार वाऱ्यात नेऊ नका. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला तरी ठाव हाय का, ते पाखरू कोणतं हाय ते?"

मला ठाऊक नव्हतं. मीही वस्तीतच वाढलेली, लहानपणी त्याच आवाजाला घाबरून आजीच्या कुशीत तोंड लपवणारी. माझ्या गप्प बसण्यातून तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. उजाडायच्या आत दोन भावांनी कागदावर सही केली आणि पेशंटला जीपमध्ये घालून नेलं. पुढे त्याचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

तो पक्षी पिंगळा होता. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

पिंगळा म्हणजे साळुंकीपेक्षाही थोडं लहान घुबड. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे, वर पांढऱ्या भुवया. जुन्या झाडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात जोडीनं राहतो आणि जोडीदाराला हाका मारतो. किडे, उंदराची पिल्लं, पाली खातो. दवाखान्याच्या आवारात रात्रभर दिवे असतात, दिव्याखाली किडे जमतात, खरकट्यावर उंदीर येतात, म्हणून तो तिथं असतो. दवाखान्यात माणसं मरतात हे खरं आणि तिथल्या झाडावर पिंगळा बोलतो हेही खरं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. हे मी त्या रात्री सांगितलं असतं तर ती बाई थांबलीच असती असं म्हणत नाही. पण निदान मला उत्तर देता आलं असतं.

डब्याची वाट, पक्ष्यांची वाट

चाळिशी ओलांडली आणि माझीच शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. मी स्वतः हजार बायकांना हेच सांगितलेलं. पण परतूरसारख्या गावात साडी नेसलेली बाई हातात पिशवी नसताना, कामावर जात नसताना नुसतीच चालायला निघाली की लोक बघतात. चार दिवस गेले, पाचव्या दिवशी मी घरीच बसले.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. आयुष्य शेतमजुरीत गेलं, शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "चल, मी येते. मला तरी कुठं झोप लागती." आम्ही निघालो ते नेमक्या त्याच वाटेनं, जिथं पूर्वी आम्ही अंधारात डबा घेऊन जायचो. तेव्हा मान खाली घालून जायचं आणि मान खाली घालून यायचं. त्या वाटेवर वर काय आहे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मावशी मात्र चालता चालता सांगत होत्या, हा होला, ही टिटवी, त्यो खंड्या. त्यांना चाळीस-पन्नास पाखरं ठाऊक होती. मला चिमणी, कावळा, पोपट, मोर. बास.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली. आज आमच्याबरोबर कधी पाच, कधी नऊ जणी असतात. कुणी विचारलं तर सांगतो, पक्षी बघायला चाललो. लोक हसतात, पण वाट सोडतात. माझी शुगर काबूत आहे. गोळ्या बंद केल्या असं मात्र कुणी समजू नका, गोळ्या चालूच आहेत.

चार्ट भरतात तसं

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे तो रंग बघतो. "ताई, काळा पक्षी होता." काळे पक्षी डझनभर आहेत. नर्स पेशंटकडे बघते तेव्हा शर्टाचा रंग बघत नाही. नाडी, श्वास, ताप, चेहरा या क्रमानं बघते. पक्ष्याचंही तसंच आहे.

आधी आकार. तीन पट्ट्या कायम डोक्यात ठेवा: चिमणी, साळुंकी आणि कावळा. चिमणी वितीपेक्षा लहान, साळुंकी वितीहून जरा मोठी, कावळा जवळजवळ दोन विती. नवा पक्षी दिसला की पहिला प्रश्न, चिमणीएवढा का साळुंकीएवढा? एवढ्यानंच निम्मी नावं बाद होतात. मग चोच. आखूड आणि जाड असेल तर दाणे फोडणारा, बारीक असेल तर किडे टिपणारा, बाकदार असेल तर मांस फाडणारा, लांब असेल तर चिखलात किंवा पाण्यात शोधणारा. मग शेपटी, दुभंगलेली का सरळ, वर उचललेली का सारखी हलणारी. मग वागणं. चालतो का टुणटुण उड्या मारतो? एकटा का थव्यात? तारेवरून उडून पुन्हा त्याच जागी येतो का? रंग सगळ्यात शेवटी, आणि तोही अख्खा नव्हे. डोकं, गळा, पंख, बूड, एवढ्या चार जागी काय आहे ते पाहायचं.

हे सगळं पाच सेकंदांत बघावं लागतं, कारण पाखरू पेशंटसारखं पडून राहत नाही. म्हणून डोळे पक्ष्यावर ठेवायचे आणि तोंडानं बोलायचं. आम्ही बायका मोठ्यानं बोलतो, "साळुंकीएवढा, काळं डोकं, बूड लाल," आणि एकजण वहीत लिहिते. हा लालबुड्या बुलबुल. वस्तीतल्या कोणत्याही बोरी-बाभळीवर मिळेल.

सुरुवात दारातूनच करा. चिमणा आणि चिमणी वेगळे ओळखता येतात का बघा. चिमण्याच्या गळ्याला काळा ठिपका असतो, चिमणी नुसतीच मातकट. कावळे दोन आहेत. मानेला राखाडी पट्टा असलेला गावकावळा आणि सगळा काळा, जाड चोचीचा डोमकावळा. पिंडाला कावळा शिवण्याची पद्धत आपण केव्हाच सोडली. त्यामुळे कावळ्याकडे नुसता कावळा म्हणून बघायला आपल्याला मोकळीक आहे, तिचा फायदा घ्या. साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते आणि उडाली की पंखात पांढरा पट्टा चमकतो. आठ दिवस फक्त एवढंच करा. नवीन पक्ष्यामागे धावू नका.

माझ्या वहीतल्या चुका सांगते, म्हणजे तुम्हाला धीर येईल. "ठिपक्यांचा ससाणा" असं मी चार महिने लिहीत होते, ती निघाली कोकिळेची मादी. ती तपकिरी असते, अंगभर पांढरे ठिपके. कुहू कुहू गातो तो काळा नर, लाल डोळ्यांचा. गाण्यात बाईचं नाव आणि गळा बाप्याचा! नाल्याकाठी बसलेला मातकट बगळा आणि उडणारा पांढराशुभ्र बगळा असे दोन पक्षी मी वेगळे मोजले. तो एकच, ढोकरी. बसला की चिखलात चिखल होतो, उडाला की पांढरे पंख उघडतात. मावशी हसल्या, "अगं, त्यो तर लबाड हाय."

चुका मोठ्या माणसांच्याही झाल्या आहेत. सालिम अली शाळकरी वयात छर्‍याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचे. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि ही कोणती, हे घरात कुणाला सांगता येईना. मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ पासून आहे. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पोराला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. त्या मुलाचं १९४१ साली आलेलं भारतीय पक्ष्यांचं पुस्तक आजही नवशिके वापरतात. मला यातली गोष्ट आवडते ती मिलार्डची. 'हे काय आहे' म्हणून विचारायला आलेल्या लेकराला कपाट उघडून दाखवणारा माणूस भेटला पाहिजे.

कोतवालाची शेपटी

तारेवरचे पक्षी नवख्यांसाठी सगळ्यात सोपे. तार म्हणजे फळा, पाखरू म्हणजे त्यावरचं अक्षर. काळा, चकचकीत, शेपटी माशासारखी दुभंगलेली तो कोतवाल. तो म्हशीच्या पाठीवरही बसतो, कारण म्हैस चालली की गवतातले किडे उडतात. हिरवा, सडपातळ, हवेत किडा पकडून पुन्हा त्याच जागी बसणारा तो वेडा राघू. निळी पाठ, चॉकलेटी डोकं, पांढरा गळा, लाल दांडगी चोच तो खंड्या. त्याला मासेच लागतात असं नाही, सरडे-टोळ खाऊन तो पाण्यापासून लांबही राहतो. आणि बसला की तपकिरी, उडाला की निळ्या रंगाची आतषबाजी करणारा तो चास. त्याला आपल्याकडे नीळकंठही म्हणतात.

एका रविवारी विहारात बायकांची बैठक झाल्यावर आम्ही पोरांना घेऊन रेल्वे स्टेशनकडच्या तारांखाली उभे होतो. आठवीतली एक मुलगी, हुशार, पण शाळेत मागं पडत चाललेली. मी विचारलं, कोतवालाची शेपटी कशी आहे? ती म्हणाली, "कोतवाल कुठाय?" सगळ्या पोरांनी बोट दाखवलं. तिला तार दिसत होती, तारेवर काळा डाग दिसत होता, शेपटी दिसत नव्हती. तिला वाटायचं, लांबचं सगळ्यांनाच असं दिसतं. दोन दिवसांनी तिच्या आईबरोबर जाऊन सरकारी दवाखान्यात डोळे तपासले. अडीचचा नंबर निघाला. मास्तर फळ्यावर काय लिहितात ते वर्षभर तिला दिसतच नव्हतं आणि घरी मार मिळत होता, अभ्यास करत नाही म्हणून.

तेव्हापासून मी पक्ष्यांचा हा उपयोग मुद्दाम करते. लेकराला विचारा, कोतवालाची शेपटी दुभंगलेली दिसते का. आजीला विचारा, बुलबुलाचं लाल बूड दिसतं का. बाकीच्यांना दिसतंय आणि त्यांना दिसत नाही, किंवा सगळं धुरातून बघितल्यासारखं वाटतं, तर डोळे तपासून घ्या. आजींना मोतीबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. आमच्या गटातल्या दोघींचं असंच झालं. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे. पण तपासणीपर्यंत नेणारी वाट आहे.

बलुतेदारी झाडावर

नावं शिकताना मला मध्येच हसू यायचं. पानं शिवून घरटं करणारा तो शिंपी. टुक टुक टुक असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज काढणारा तो तांबट. खोडाला भोक पाडणारा सुतार. नाल्याकाठी शेपटी आपटत फिरणारा धोबी, म्हणजे परीट. भारद्वाजाला काही भागांत कुंभारकुकडा म्हणतात. वर कोतवाल आहेच. अख्खी बलुतेदारी झाडावर बसवून ठेवली आहे! काळी शेंडी असलेल्या बदामी मैनेला पुस्तकात ब्राह्मणी मैना हे नाव सापडतं. तिलाच भांगपाडी मैना असंही सुंदर मराठी नाव आहे. आमच्या वहीत आम्ही तेच लिहितो.

पण ही नावं कुणी ठेवली, हेही बघा. ज्यांची हयात शेतात, रानात, गुरांमागे गेली त्यांनी ठेवली. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करताना रानात राहणाऱ्या माणसांकडून अशी नावं वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. त्यांच्या पक्षिकोशात ती नावं आहेत. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. आमच्या मावशींना जे येतं ते 'अडाणी' ज्ञान नाही, ते त्या कोशाचं मूळ आहे. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मला पगार दे."

नाला, बांध आणि दुधना

पक्षी बघायला जंगलात जावं लागत नाही. आमचा उत्तम अड्डा म्हणजे वस्तीमागचा नाला. लांब गुलाबी पायांचा, पांढरा-काळा शेकाट्या गटाराच्या पाण्यात दिमाखात चालतो. ढोकरी, गायबगळे, हिवाळ्यात धोबी. यातला विनोद मला कळतो आणि रागही येतो. पालिकेनं बांधून न दिलेल्या गटारावर पक्षी खूष आहेत आणि आपली लेकरं आजारी. एक लक्षात ठेवा, घाण पाण्यात वाढतो तो हत्तीरोगाचा क्युलेक्स डास. डेंग्यूचा एडिस घरातल्या रांजणात, टाकीत, कूलरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नाला बघून आल्यावर घरची पिंपं कोरडी करायला विसरू नका.

विहारापुढचा पिंपळ हा दुसरा अड्डा. पिंपळाला फळं धरली की खुर्ची टाकून बसायचं. तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकीळ, सगळे पंगतीला येतात. नशीब असेल तर हरियल दिसतो, हिरवट-पिवळा, पिवळ्या पायांचा. तो आपला राज्यपक्षी आहे. गुडघे दुखणाऱ्या आज्यांसाठी ही जागा सगळ्यात चांगली.

बांधाचं मात्र वेगळं आहे. हिवाळ्यात रब्बी ज्वारीवर भोरड्या येतात, काळं डोकं आणि गुलाबी अंग, शेकड्यांनी. मध्य आशियाकडून एवढं अंतर कापून येतात आणि उन्हाळा तापायच्या आत परत जातात. संध्याकाळी बाभळीवर उतरण्याआधी त्यांचा थवा असा फिरतो, जणू कुणी आभाळात चादर झटकतंय. ते बघायला आम्ही एका बांधाजवळ थांबलो होतो. मोटारसायकलवरचा माणूस थांबला. "काय करताय इथं?" भोरड्या बघतोय. "कुठल्या गल्लीच्या?" आम्ही सांगितलं. तो काही बोलला नाही, पण आम्ही निघेपर्यंत गाडी चालू करून तिथंच उभा राहिला. हा प्रश्न कशासाठी असतो, तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शेतात एक म्हातारे पाटील स्वतःहून जवळ आले आणि अर्धा तास भोरड्यांनी ज्वारीचं कसं वाटोळं केलं ते सांगत बसले. माळ्यावरून गोफण कशी फिरवायचे तेही करून दाखवलं. दोन्ही अनुभव खरे आहेत. आता आम्ही कमीत कमी तिघी जातो, सडकेवरून बघतो, आणि बघायचं सोडत नाही.

निम्न दुधना धरणाचं फुगलेलं पाणी आपल्या तालुक्यात येतं, तिथं हिवाळ्यात बदकांचे थवे असतात. तिथं दुर्बिणीशिवाय काही कळत नाही, म्हणून नवख्यांनी ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावं. मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप मिळतं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं केलेलं. आवाज ऐकून ते नाव सुचवतं. कामाचं आहे, पण चुकतंही. आधी डोळ्यांनी बघा, मावशीला विचारा, मग अ‍ॅपला.

जो पक्षी वहीत नाही

मावशींच्या यादीतला एक पक्षी मला अजून दिसलेला नाही. गिधाड. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर ढोर पडलं की तासाभरात आभाळ गिधाडांनी भरायचं आणि दिवस मावळायच्या आत सांगाडा उरायचा. त्याच्याही आधी मेलेलं ढोर ओढायचं काम कुणाच्या गळ्यात होतं, ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका असं बजावलं. त्यानंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी मार खाऊन, बहिष्कार सोसून ते आणि ढोर ओढणंही सोडलं. मावशींचे वडील त्यांतलेच. मावशी म्हणतात, "आम्ही सोडलं आणि गिधाडांनी केलं."

मग १९९० नंतर गिधाडं झपाट्यानं संपत गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातलं एकही उरलं नाही इतकी. कारण सापडायला २००४ उजाडलं, आणि ते कारण माझ्या रोजच्या ट्रेमध्ये होतं: डायक्लोफिनॅक. माणसाच्या अंगदुखीवरचं हे औषध जनावरांना सर्रास टोचलं जात होतं. असं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात, अंगात युरिक अ‍ॅसिड साठतं आणि ते मरतं. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या, म्हणून २०१५ साली एका वेळेपुरत्याच, ३ मिलीच्या इंजेक्शनची सक्ती झाली. २०२३ साली जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली.

गिधाडं गेल्यावर मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली, पाणी नासलं. २०२४ साली अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे भारतात सुमारे ५ लाख जादा माणसं मेली. गावाबाहेरच्या हाडकीजवळ कुणाची घरं असतात, हे मी लिहायला नको. तेव्हा घरात शेळी-गाय असेल तर डॉक्टरला विचारा, कोणतं इंजेक्शन देताय. आणि कुत्रं चावलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. दंडात कातडीच्या थरात देतात त्या लशीचे दिवस पहिला म्हणजे शून्याचा, मग ३, ७ आणि २८. एकही चुकवायचा नाही. जखमेतून रक्त आलं असेल तर सीरमही मागून घ्या.

पक्षी बघताना तीन गोष्टी सांभाळा. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, लेकरांना लावू देऊ नका. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात नवापूरला सापडला आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला. कावळे, बगळे किंवा कोंबड्या अचानक मेलेल्या दिसल्या तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. "चार पाखरं मेली" असं नको. "सहा गावकावळे, अमुक झाडाखाली, आज सकाळी" असं सांगितलं की यंत्रणा हलते. नावं शिकण्याचा हाही उपयोग. चिकन आणि अंडी पूर्ण शिजवून खाल्ली तर भीती नाही. दुसरं, पत्र्याखाली पारव्यांची विष्ठा साठली असेल तर कोरडी झाडू नका. पाणी मारून, नाकाला फडकं बांधून काढा, फुप्फुसाला त्रास होतो, दमेकऱ्यांना जास्त. तिसरं, पिंजऱ्यातला पोपट. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पोपट पाळणं गुन्हा आहे. आपल्या वस्तीत चार-पाच पिंजरे आहेत, मला ठाऊक आहे. पण रागानं दार उघडून सोडून देऊ नका, वर्षानुवर्षं कोंडलेल्या पोपटाला बाहेर जगता येत नाही. वनखात्याला विचारून काय ते करा.

५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपापल्या दारातले पक्षी मोजतात, एका वेळी निदान १५ मिनिटं. आम्ही दोन्ही वेळा पिंपळाखाली बसणार आहोत.

गेल्या महिन्यात स्टेशनकडच्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी सापडली. ती सापडवली त्या चष्मेवाल्या मुलीनं. आम्ही मावशींना आणि आणखी तिघी आज्यांना दिवसाढवळ्या नेऊन दाखवली. जोडी एकमेकांना खेटून, डोळे मिटून ऊन खात बसली होती. एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढंसंच हाय व्हय हे? आन् याला म्या सत्तर वर्सं भेले?"

माझ्या वहीत आजवर ६१ नावं झाली. एक पक्षी मात्र अडला आहे. चिमणीहून लहान, हिरवट मातकट, डोळ्यावर फिकट रेघ, बाभळीत एका जागी दोन सेकंद थांबत नाही, हिवाळ्यातच दिसतो. मावशी म्हणतात वटवट्या, अ‍ॅप दर वेळी वेगळं नाव सांगतं. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर कळवा.